मला वर यायचंय

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

कांद्याच्या लागवडीचे दिवस आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी आत्ता वाफ्यातून घरी आल्या असतील. कुणी चुलीपुढं हात शेकत हे ऐकत असेल. कुणाच्या घरात रात्रीच्या लाईटची पाळी असेल, दारं धरायला जायची तयारी चालली असेल. आजचं माझं बोलणं त्याच गारठ्याबद्दल आहे. मात्र त्याची सुरुवात आपल्या शेतात होत नाही, ती मालवणच्या समुद्रात होते.

हसू नका. गेल्या फेब्रुवारीत आमच्या गटाची सहल कोकणात गेली होती. गणपतीपुळं झालं, मालवण झालं. सिंधुदुर्ग किल्ला बघून परत येताना पोरींनी ठरवलं, समुद्राच्या आत जाऊन मासे बघायचे. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्याला काच, आणि एक माहीतगार माणूस आपल्याला धरून खाली नेतो. पोहता येत नसलं तरी चालतं. मालवण-तारकर्लीला हा आता मोठा धंदा झालाय. तारकर्लीला तर आपल्या पर्यटन महामंडळाचं त्याचं शिक्षण देणारं केंद्रही आहे. मी म्हटलं, बावन्न वर्षं विहिरीच्या काठावरून वाकून बघण्यात गेली, एकदा आत जाऊन बघू.

तर त्यांनी आम्हाला रबरासारखा काळा, अंगाला गच्च बसणारा पोशाख दिला. नऊवारीतल्या बाया त्या पोशाखात एकमेकींना बघून अर्धा तास हसत होत्या. मी त्या पोराला विचारलं, "बाळा, पाणी तर कोमट आहे. मग हे सोंग कशाला?" तो म्हणाला, "मावशी, हे लाजेसाठी नाही, उबेसाठी आहे. पाणी कोमट लागतं, पण ते ऊब घेतच असतं. तुम्ही पंधरा-वीस मिनिटं जाणार. मी दिवसभर आत असतो. गिऱ्हाईक बदलतं, मी तोच असतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझे दात वाजायला लागतात."

खाली जायच्या आधी त्यानं खुणा शिकवल्या, कारण पाण्यात बोलता येत नाही. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की "सगळं ठीक आहे". दोन्ही हात छातीशी आडवे घेऊन दंड चोळले की "थंडी वाजतेय". आणि अंगठा वर केला की "मला वर जायचंय". आपण अंगठा वर करतो तो "झकास" म्हणून. तिथं त्याचा अर्थ वेगळा. त्यानं सगळ्यांना दोन-दोनदा करायला लावलं आणि म्हणाला, "अंगठा वर केला की मी 'का' विचारणार नाही. कुणीही, कधीही, कोणत्याही कारणानं वर यायचं म्हटलं की सगळे वर. आमच्या कामातला हा नियम आहे. ज्यानं अंगठा वर केला त्याला नंतरही कुणी बोलत नाही."

मैत्रिणींनो, मासे मी पाहिले. रंगीत होते, चांगले होते. पण घरी येताना एसटीत माझ्या डोक्यात मासे नव्हते. तो अंगठा होता. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याच वाफ्यात माझ्या धाकट्या जावेनं तोच अंगठा वर केला होता, आणि मी तो खाली दाबला होता.

ते सांगते. त्याआधी थोडं पाण्याबद्दल.

आपल्या अंगाची ऊब साधारण ३७ अंश असते. त्याहून थंड काहीही अंगाला लागलं की ते ऊब ओढून घेतं. हवाही घेते, पण सावकाश. पाणी तीच ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं ओढतं. म्हणून २५ अंशांच्या हवेत आपण पातळ साडीवर मजेत बसतो, आणि २५ अंशांच्या पाण्यात तासभर राहिलो की हुडहुडी भरते. मालवणचा समुद्र आपल्याला कोमट लागला, तरी तो ३७ अंशांचा नसतो. त्या पोराचे दात का वाजतात ते आता कळलं.

आता आपल्याकडचं बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटार चालू केली की विहिरीचं, बोअरचं पाणी कोमट लागतं, वाफा निघतात. आपण म्हणतो, पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. खरं आहे. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं. बाहेरची हवा दहा अंशांवर आली की ते कोमट वाटतं. पण ते आपल्या अंगाइतकं गरम नसतं. त्यात उभं राहिलं की ऊब जातच राहते, फक्त आपल्याला कळत नाही. तेच पाणी पाटातून, सरीतून फिरलं, शेततळ्यात रात्रभर उघड्यावर पडलं की गारठतं. आणि पाण्यातून पाय वर काढला की भिजलेल्या साडीवर वारा लागतो. ओलं कापड वाळताना अंगाची ऊब घेऊनच वाळतं. माठातलं पाणी ज्या रीतीनं गार होतं, त्याच रीतीनं आपणही गार होतो. समुद्रातून बोटीवर आल्यावर मला हुडहुडी भरली, ती पाण्यानं कमी आणि वाऱ्यानं जास्त.

आता जावेचं सांगते.

मार्गशीर्षातली सकाळ. उन्हाळी कांद्याची लागवड चालू होती. आम्ही सात-आठ बाया, काम उक्तं घेतलेलं. साडेसहालाच वाफ्यात उतरलो. पाणी शेततळ्याचं. जाऊ अंगानं किरकोळ, आणि त्या दिवशी तिची संकष्टी. पोटात फक्त चहा. गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं, वर एक पातळ स्वेटर, पाय अनवाणी. दोन-अडीच तासांनी ती म्हणाली, "बाई, लई थंडी वाजतीये. जरा बांधावर बसते उन्हात."

आणि मी काय म्हणाले? "एवढा वाफा उरकू, मग सगळ्याच चहा घेऊ."

ती काही बोलली नाही. पुन्हा वाकली. थोड्या वेळानं बघते तर तिची रोपं आडवी पडायला लागलेली. बोटांत रोप धरत नव्हतं. मी तिला रागावलेही, "लक्ष कुठंय तुझं?" मग तिचं कुडकुडणं थांबलं. मला वाटलं, चला, अंग तापलं कामानं. वाफा उरकला. उठून बांधाकडं निघाली तर झोकांड्या खायला लागली. बोलायला गेली तर जीभ जड. कुणी म्हणालं बीपी असेल, कुणी म्हणालं नजर लागली. एकीनं तिचे पाय खसाखसा चोळायला घेतले. दुसरीनं तुराट्या पेटवल्या, आणि आम्ही तिचे पाय जाळाजवळ धरले. तिला काही कळत नव्हतं. तळपायाला फोड आला तरी ती "ओय" म्हणाली नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बीपी नाही. हिचं अंग थंड पडलंय. याला हायपोथर्मिया म्हणतात. शरीराची आतली ऊब ३५ अंशांच्या खाली गेली की असं होतं. मी म्हटलं, "बाई, ही काय हिमालयात गेली होती? आपल्याकडं बर्फ कुठं पडतो?" त्या म्हणाल्या, "बर्फ लागत नाही. ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट पुरतं. कुडकुडणं म्हणजे शरीर स्वतःला तापवायची धडपड करत असतं. त्यालाही इंधन लागतं. पोटात काही नाही, अंगातली साखर संपली, की कुडकुडणं थांबतं. ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, ते चूल विझल्याचं लक्षण आहे."

जाऊ संध्याकाळपर्यंत सावरली. तळपायाची जखम भरायला महिना गेला. ती मला आजवर एका शब्दानं बोलली नाही. म्हणूनच जास्त लागतं.

समुद्रात काम करणारी माणसं थंडीपासून कशी वाचतात, ते मी त्या पोराला बोटीवर बसून खोदून खोदून विचारलं. त्यातलं आपल्या कामाचं किती निघालं ते सांगते.

पहिलं, तो काळा पोशाख. त्यात जादू नाही. त्या रबरात बारीक बारीक बुडबुडे असतात आणि ते बुडबुडे ऊब अडवतात. पोशाख आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगानं तापतो आणि तिथंच राहतो. पोशाख ढिला असला तर ते पाणी बदलत राहतं आणि थंडी वाजते. फार थंड पाण्यात जाणारे जाड पोशाख घालतात, डोक्यावर टोपडं, हातमोजे, पायमोजे घालतात, आणि त्याहून थंड पाण्यात तर आत पाणी शिरूच देत नाहीत असा पोशाख घालतात. म्हणजे सूत्र एकच. अंगाजवळ थांबलेला थर ठेवा, आणि पाण्या-वाऱ्याला तो हलवू देऊ नका.

हे आपल्या धनगर बांधवांना कधीपासून माहीत आहे. घोंगडी पावसात भिजली तरी ऊब देते, कारण लोकरीच्या केसांमध्ये हवा अडकून राहते. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि उलटी ऊब ओढतं. म्हणून लागवडीला जाताना अंगाजवळ जुनी का होईना लोकर घाला. त्यावर आपण नेहमी घालतो तो पूर्ण बाह्यांचा शर्ट. कमरेखाली पुढून प्लॅस्टिकचा कागद बांधा, म्हणजे लुगडं भिजत नाही आणि वारा लागत नाही. पायात गमबूट. वाफ्यात बूट रुततात, काम हळू होतं, हे मला माहीत आहे. निदान पाणी भरताना, दारं धरताना तरी घालाच. सापाकाट्यापासूनही पाय वाचतो. आणि डोकं, कान, मान झाका. ते उघडं राहिलं की तिथून ऊब जात राहते.

दुसरं, पोट. तो म्हणाला, उपाशी माणसाला आम्ही पाण्यात नेत नाही. आपण मात्र चहाच्या घोटावर तीन तास चिखलात. रात्रीची भाकरी असेल तर ती दुधात कुस्करून खा, गूळ-शेंगदाणे खा, तिळाची चटणी आणि बाजरीची भाकरी खा, पण खाऊन निघा. उपास असेल तर त्या दिवशी पाण्यातलं काम उन्हं वर आल्यावर धरा, किंवा शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध घेऊन उतरा.

तिसरं, पाणी पिणं. गारठ्यात सारखं लघवीला लागतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. थंडीत हातापायाचं रक्त आत ओढलं जातं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून ते बाहेर टाकतं. शेतात आडोसा नसतो, म्हणून आपण पाणीच पीत नाही. त्यानं अंगातलं पाणी कमी होतं, थकवा येतो आणि थंडी आणखी बाधते. तेव्हा आडोशाची सोय हा लाडाचा विषय नाही, तो कामाचाच भाग आहे.

चौथं, कोण किती वेळ टिकतं. अंगानं किरकोळ बाई, म्हातारी बाई आणि लेकरू लवकर गारठतं. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी तिला थंडी जास्त बाधते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर रक्त कमी आहे असं समजतात. आपल्यातल्या कितीजणींचं त्याखाली असेल, ते तपासल्याशिवाय कळत नाही. उपकेंद्रात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. "मला बाई फारच थंडी वाजते" असं जी सारखं म्हणते तिला चिडवू नका, तपासायला न्या.

पाचवं, जोडी. पाण्याखाली कुणी एकटं जात नाही. दोघं दोघं जातात आणि एकमेकांवर नजर ठेवतात. कारण थंडी आधी बोटं घेते, मग पाय घेते आणि मग अक्कल घेते. ज्याला गारठा चढलाय त्याला ते स्वतःला कळत नाही. ते जोडीदाराला कळतं. माझ्या जावेचं रोप आडवं पडायला लागलं, ते मी पाहिलं होतं. मला फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता. आता तुम्हाला सांगते, हातातून वस्तू पडणं, पाय अडखळणं, बोलणं जड होणं, हे दिसलं की तिला लगेच वर काढा.

आणि सहावा तो अंगठा. तो शेवटी.

त्याआधी तुम्हाला एका बेटाची गोष्ट सांगायची आहे. माझी पुतणी मोबाईलवर बघून मला सांगत होती, आणि मी चूल विसरले होते. दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथं समुद्रात बुडी मारून शिंपले, कालवं काढायचं काम बायकाच करतात. त्यांना हेन्यो म्हणतात. हवेची टाकी नाही, काही नाही. मिनिटभर श्वास धरायचा, दहा मीटर खाली जायचं, हाताला लागेल ते घेऊन वर यायचं. असं दिवसातून कितीतरी वेळा. त्यांच्यात ऐंशी वर्षांच्या आज्यासुद्धा आहेत. २०१६ साली युनेस्कोनं या कामाला जगाचा वारसा म्हणून मान दिला.

तिथं हिवाळा कडक. १९७० च्या आसपास रबरी पोशाख येईपर्यंत या बाया सुती कपड्यावर त्या पाण्यात उतरत. मग जगल्या कशा? त्यांनी किनाऱ्यावर दगडांचे गोल आडोसे बांधले होते. त्याला बुलतोक म्हणतात. मध्ये जाळ, भोवती दगडी भिंत, वारा आत येत नाही. तिथंच कपडे बदलायचे, तिथंच शेकायचं, तिथंच पोरीबाळींना काम शिकवायचं, तिथंच भांडणं मिटवायची आणि गटाचे निर्णय घ्यायचे. गारठलं की बाहेर, शेकलं की पुन्हा आत. थोडा थोडा वेळ, पण सगळ्या मिळून.

पुतणीनं त्या दगडी गोलाचा फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं, अगं, आपल्या बांधावर हे का नाही? चार बांबू, एक जुनी सतरंजी नाहीतर हिरवी जाळी, आत कोरडी साडी, टॉवेल, मोजे ठेवायला पिशवी, थर्मासात चहा. लागवड चालू आहे तेवढे दिवस. शेतमालकाला सांगायला लाजायचं कारण नाही. गारठलेल्या बोटांनी लावलेलं रोप आडवं पडतं, नुकसान त्याचंच होतं.

आता समजा, कुणी गारठलीच. तर काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. आम्ही जे केलं त्यातलं बरंच चुकीचं होतं.

आधी वाऱ्यातून आडोशाला न्या. ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडं करा, चोळू नका. कोरड्या कपड्यात, गोधडीत, घोंगडीत डोक्यासकट गुंडाळा. खाली पोतं, सतरंजी घाला, जमीनही ऊब ओढते. ऊब आधी छातीला, मानेला, काखेत द्या, हातापायांना नाही. दुसऱ्या बाईनं तिला कवेत घेऊन एका गोधडीत बसावं, त्यासारखं औषध नाही. बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून काखेत ठेवली तरी चालते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा घोट घोट द्या. झापड असेल तर तोंडात काही घालू नका. हातपाय जाळाजवळ धरू नका. बधीर कातडीला भाजलेलं कळत नाही. आमच्या घरात त्याचा डाग आहे.

दारू मुळीच नाही. "घोटभर घेतली की अंग तापतं" असं दारं धरायला जाणारे पुरुष म्हणतात. त्यानं कातडी तापल्यासारखी वाटते, कारण आतलं गरम रक्त बाहेर येतं आणि तिथं ते गार होतं. घरातल्यांना हे सांगा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

कुडकुडणं थांबलं पण अंग गारच आहे, बाई पेंगतेय, काहीबाही बोलतेय, तर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. तिला चालवू नका, आडवी ठेवा, हळुवार हलवा.

पाय तासन्‌तास ओले राहिले आणि पांढरे, बधीर, सुजलेले दिसले तर धुऊन टिपून कोरडे करा, कोरडे मोजे घाला आणि दाखवून घ्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर रोज रात्री पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं हा निम्मा उपाय आहे.

एक गोष्ट विहिरीची, तळ्याची. मुळा धरणाच्या, भंडारदऱ्याच्या काठची मासेमारी करणारी कुटुंबं ऐकत असतील, त्यांच्याही कामाची आहे. थंड पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्या मिनिटाला त्याचा श्वास फुलतो, तो तोंडानं हवा ओढायला जातो आणि पाणी आत जातं. पोहणारेही अशानंच बुडतात. पडलंच तर पहिलं मिनिट हातपाय मारू नका, जे सापडेल ते धरा, तोंड वर ठेवा. श्वास आपोआप थाऱ्यावर येतो. मग काठ गाठा. आणि मुद्दाम उतरायचं असेल तर आधी हातपाय, तोंड, मान भिजवून हळूहळू उतरा.

आता रात्रीच्या पाण्याबद्दल. शेतीची लाईट पाळीनं येते. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात गव्हाला, कांद्याला, उसाला पाणी द्यायला घरातलं कुणीतरी थंडीत उठून जातंच. कितीतरी घरांत ती बाई असते. बिबट्याचं भय वेगळंच. लोकर घाला, बूट घाला, दोघी जा, हे मी सांगितलं. पण खरा इलाज म्हणजे पाणी दिवसा देता येणं. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. गावाजवळ सौर पॅनेल बसवून शेतीच्या लाईनला दिवसा वीज द्यायची, अशी ती योजना. २०१७ साली तिची सुरुवात ज्या गावांत झाली, त्यात आपल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आहे. आपल्या गावाची लाईन त्यात आहे का, नसेल तर का नाही, हा प्रश्न महिला ग्रामसभेत विचारा. रात्री पाण्यात पाय ठेवणाऱ्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाला वजन असतं.

आता तो अंगठा.

पोशाख, लोकर, भाकरी, आडोसा हे सगळं खरं. पण माझ्या जावेला त्या दिवशी वाचवायला यातलं काहीच लागलं नसतं. ती वेळेवर म्हणाली होती, "मला थंडी वाजतीये, बसते." तिला बसू दिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. मी वाईट बाई नाही. पण काम उक्तं होतं. एक बसली की तिचा वाफा बाकीच्यांवर पडतो, सगळ्यांची हजेरी लांबते. म्हणून कुणी बसत नाही. बसणारीला आपण आळशी म्हणतो, नाजूक म्हणतो. म्हणून बाई कुडकुडत राहते आणि म्हणते, "काही नाही, चाललंय."

मालवणहून आल्यावर आमच्या टोळीनं बैठक घेतली आणि तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, पाण्यातल्या कामाला दोघींची जोडी लावायची आणि जोडीनं एकमेकींकडं बघायचं. दुसरी, दर तासाला सगळ्यांनी दहा मिनिटं वाफ्याच्या बाहेर यायचं. गारठलेली असो वा नसो, सगळ्यांनीच, म्हणजे कुणाला मागायला लागत नाही. आणि तिसरी, कुणी अंगठा वर केला की ती बाहेर. "का" विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, आणि तेवढ्या वेळाचे तिचे पैसे कापायचे नाहीत. तिच्या वाटचं आम्ही सगळ्या मिळून ओढतो. उद्या आमचं कुणीतरी ओढेल.

या लागवडीत पहिल्या दिवशी अंगठा कुणी वर करेना. सगळ्या लाजत होत्या. मग मीच केला. खरं सांगते, मला तेवढी थंडी वाजत नव्हती. पण पहिला अंगठा थोरल्या जावेनं वर करायला पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी धाकटीनं केला. मी काही बोलले नाही. थर्मासातला चहा ओतून तिच्या हातात दिला आणि तिची सरी पुढं धरली.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी वाफ्यात उतराल तेव्हा आधी खाऊन घ्या, कान बांधा, आणि आपल्या जोडीदारणीला ही खूण शिकवा. काळजी घ्या.